सील फोडू नकोस

विलेपार्ले, 9 मार्च 2025

प्रिय अव्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच.

पाडव्याला उघडायचा म्हणून अॅपलच्या मॅकबुक एअर लॅपटॉपचा खोका कपाटात ठेवलायस ना? त्याला हात लावू नकोस. बुधवारी एम 4 या नव्या प्रोसेसरचा एअर जाहीर झाला, 12 तारखेपासून मिळेल. किंमत 99,900. तुझ्या एम 3 ची छापील किंमत 1,14,900. शिव्या नंतर घाल, वाटल्यास सुध्यालाही घाल, पण आधी खोका फिरवून स्टिकर वाच. मेमरी किती लिहिलीय? ऑक्टोबर 2024 पासून एम 3 एअर त्याच किमतीत 8 ऐवजी 16 जीबीपासून सुरू होतो. 8 असेल तर दुकानदाराने जुना माल गळ्यात मारलाय. यात मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते, लॅमिंग्टन रोडवरचा कुठलाही कारागीर ती नंतर वाढवून देणार नाही. मग वाद घालायचाच.

सील शाबूत आहे, हाच तुझा हुकमाचा पत्ता. मशीन एकदा चालू करून नेटला जोडलं की ते अॅक्टिव्हेट होतं; सीरियल नंबर टाकला की दुकानदाराला कळतं, आणि मग ते ‘वापरलेलं’. त्यामुळे उद्याच मूळ बिल घेऊन जा. पैसे परत मागू नकोस, बदली माग: जुन्या बिलाची रक्कम जमा दाखवणारी क्रेडिट नोट, एम 4 चं नवीन बिल. कार्डावर ‘नो कॉस्ट’ हप्ते घेतले असशील तर बँकेला आधी विचार, कारण व्यवहार रद्द झाला तरी प्रोसेसिंग फी सहसा बुडते आणि कॅशबॅक उलटा वळता होतो. हे सगळं वजा करून फरक दोन-तीन हजारांवर आला, तर बदलायच्या भानगडीत पडू नकोस, घासाघीस करून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क पदरात पाडून घे.

नाहीच बदलून दिला तरी गळा काढू नकोस. एम 4 मध्ये प्रोसेसरचे कोअर 8 चे 10 झाले, कॅमेरा 12 मेगापिक्सेलचा झाला, आणि झाकण उघडं ठेवून बाहेरचे दोन मॉनिटर चालतात. एम 3 ला दोन हवे तर झाकण मिटावं लागतं. तुझ्याकडे मॉनिटर एक, काम नाटकांचे ध्वनी जुळवायचं. 16 जीबीचा एम 3 त्याला वर्षानुवर्षं पुरेल. फायली साठवायची 256 जीबी जागा मात्र दोन्हीकडे तोकडीच.

‘आधी सांगायला काय झालं होतं कंपनीला?’ असं तू ओरडणार. संगणक बनवणाऱ्या अॅडम ऑस्बोर्नने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच केली, लोकांनी चालू मॉडेल घेणं थांबवलं आणि 1983 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, असं सांगतात. (गृहस्थ शेवटी कोडाईकनालला राहिले, 2003 साली तिथेच वारले.) तेव्हापासून सगळ्यांची तोंडं शिवलेली. तरी ऑक्टोबरात अॅपलच्या मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपमध्ये एम 4 आला तेव्हाच एअरचा नंबर लागणार हे दिसत होतं. पण ‘थांबला तो संपला’ हे तुझं ब्रीद! त्या स्कूटरच्या वेळीही हेच ऐकवलं होतंस.

चिन्मयीचे पेपर कसे चाललेत? वहिनींची बदली झाली का? उद्या दुकानात निघताना फोन कर, आणि या वेळी माझाही उचल.

तुझा,
नंदू