बीटा विंडोज टाकून नवीन कॉम्प्युटर विकणं कायद्यात बसतं का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवीन कॉम्प्युटर घेताना रॅम किती, एसएसडी किती, प्रोसेसर कुठल्या जनरेशनचा हे सगळे विचारतात, पण आत टाकलेली विंडोज पक्की आहे का अजून टेस्टिंगमधली, म्हणजे बीटा आहे हे कोणी विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही, त्यावर लिहायचं होतं.

माझं काम जीएसटी रिटर्न भरायचं. माझे एक क्लायंट आहेत, छोटं किराणा दुकान, नवराबायको दोघंच चालवतात. त्यांनी टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसाठी नवीन असेंबल्ड डेस्कटॉप घेतला. बिलावर कॅबिनेट, मदरबोर्ड, मॉनिटर सगळ्याची वेगळी लाईन आणि शेवटी नुसतं "विंडोज 11 लोडेड", त्यापुढे रक्कम नाही, एडिशन नाही, लायसन्स की नाही. स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जरा वर, फिकट अक्षरात "इव्हॅल्युएशन कॉपी" आणि एक बिल्ड नंबर, म्हणजे आवृत्तीचा आकडा, असायचा. त्यांना वाटलं कंपनीचं नाव असेल, कोणालाही तेच वाटेल. काही महिन्यांनी मशीन दर थोड्या तासांनी आपोआप रिस्टार्ट व्हायला लागलं, एंट्री करता करता स्क्रीन काळी, आणि 3बी या जीएसटी रिटर्नची 20 तारीख तोंडावर आलेली. मी स्टार्टमध्ये विनव्हर (विंडोजची आवृत्ती दाखवणारी कमांड) टाईप करून बघितलं तर त्या छोट्या खिडकीत सरळ एक्सपायरी डेट लिहिलेली होती आणि ती उलटून गेली होती. म्हणजे पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या नव्या कोऱ्या मशीनमध्ये मुदत संपणारी चाचणीची विंडोज होती. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, विंडोज तर तुम्हाला फ्री दिली होती, फॉरमॅट मारून देतो, पाचशे द्या.

या "फ्री दिली होती" ला माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. मायक्रोसॉफ्टचा इनसायडर प्रोग्राम 2014 पासून चालू आहे, कोणीही आपल्या अकाउंटने त्यात नाव घालून येणारी विंडोज आधी वापरून बघू शकतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत हे खरंच आहे. पण ती परवानगी वापरून बघणाऱ्याला आहे, दुकानदाराला ती मशीनमध्ये भरून गिऱ्हाईकाला विकायची परवानगी त्यात कुठेच नाही. आपल्या कॉपीराईट कायद्याच्या, म्हणजे 1957 च्या कायद्याच्या कलम 14 मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल स्पष्ट आहे की त्याची प्रत काढायचा, प्रत विकायचा किंवा विकायला ठेवायचा हक्क मालकाचा. मालकाने तो हक्क दिला नसेल तर ते कलम 51 खाली उल्लंघन होतं आणि जाणूनबुजून केलं तर कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे लावले नाहीत असं दुकानदार म्हणतो, पण "विंडोज लोडेड" म्हणूनच तर मशीन खपतं ना, मग धंद्यातला फायदा झालाच की.

आणि वापरणाऱ्याचं काय, तर कलम 63ब आहे, तेही जाणूनबुजून वापरणाऱ्यालाच लागतं. किराणा दुकानातल्या ताईंना कोपऱ्यातली अक्षरं कळली नाहीत म्हणून त्या गुन्हेगार होत नाहीत. हे मुद्दाम लिहितोय कारण दुकानदार उलटा धाक घालतात, तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल म्हणून. त्याला घाबरू नका.

हा प्रकार नवीन नाही. विंडोज 7 ची रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्की यायच्या आधीची चाचणीची आवृत्ती, मे 2009 मध्ये सगळ्यांना डाउनलोडला खुली झाली होती, व्हिस्टाला, म्हणजे त्याआधीच्या विंडोजला, कंटाळलेल्या लोकांनी धडाधड टाकून घेतली. पण कंपनीने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की 1 मार्च 2010 पासून ही दर दोन तासांनी बंद पडेल आणि 1 जून 2010 ला मुदत संपेल. ज्याने स्वतः हौसेने टाकली त्याला हे माहीत होतं, त्याने बॅकअप घेतला, नंतर पक्की विंडोज कोरी टाकली. पण हीच गोष्ट दुकानातून नवीन मशीनमध्ये भरून आली असेल तर घेणाऱ्याला ही तारीख कोण सांगणार?

नवीन व्हर्जन यायच्या आधी मशीन विकायची असेल तर सरळ रस्ता तेव्हाही होता. 26 जून 2009 पासून व्हिस्टाची ठराविक एडिशन घेऊन नवीन पीसी घेणाऱ्याला 22 ऑक्टोबरला विंडोज 7 आली की अपग्रेड मिळायची सोय कंपन्यांनी ठेवली होती, त्याआधी एक्सपी ही व्हिस्टाच्या आधीची विंडोज घेणाऱ्यांना व्हिस्टासाठी तसंच केलं होतं. आज पक्की देतो, उद्याची आली की तीही मिळेल. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये तर आता लायसन्स की मदरबोर्डच्या बायोसमध्येच (मशीन सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये) असते, विंडोज परत टाकली तरी आपोआप अॅक्टिव्हेट होते. आणि ज्याला विंडोजचे पैसे नाहीत द्यायचे त्याच्यासाठी डॉसवाले लॅपटॉप मिळतातच, तिथे निदान आत काय नाही ते बॉक्सवर लिहिलेलं असतं.

लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचं वेगळं आहे. त्यातल्या उबंटूची बीटा कोणी टाकून दिली तर कॉपीराईटचा प्रश्न सहसा येत नाही, त्याचं लायसन्सच वाटायची आणि विकायचीही मोकळीक देतं. पण ती बीटा आहे हे लपवलं तर तिथेही ग्राहक कायदा लागतोच, कारण तो कायदा सॉफ्टवेअर कोणाच्या मालकीचं ते बघत नाही, गिऱ्हाईकाला खरं सांगितलं का ते बघतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, गुणवत्ता, किंमत याची माहिती मिळणं हा हक्कच आहे, आणि नसलेला दर्जा आहे म्हणून सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसात, परत घ्यायला नकार देणं हेही त्यातच येतं. बिलाखाली "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं म्हणून हा हक्क जात नाही.

धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, असंही एक उत्तर तोंडावर फेकतात. पूर्ण खरं नाही ते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायदा "धंद्यासाठी घेतलेली" धरतच नाही, त्यामुळे छोटा दुकानदार, शिंपी, झेरॉक्सवाला, क्लासवाले तक्रार करू शकतात. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करावा, तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही लागलाच पाहिजे असं नाही, फक्त 2 वर्षांच्या आत जावं लागतं. बिल आणि त्या विनव्हरच्या खिडकीचा फोटो, दोन्ही जपून ठेवा.

शिवाय इनसायडर बिल्डमध्ये वापराची जास्तीची माहिती कंपनीकडे जाणं चालू ठेवावंच लागतं, चाचणीसाठी ते ठीक आहे, पण ज्या मशीनवर उधारीची खाती आणि बँकेचं लॉगिन आहे तिथे हे मालकाला न विचारता चालू असणं मला अजिबात पटत नाही.

कॉम्प्युटर डीलर असोसिएशनला माझी विनंती आहे की आपल्या सगळ्या सभासदांना बिलावर ऑपरेटिंग सिस्टीमची वेगळी लाईन टाकायला सांगा, नाव, एडिशन, लायसन्स कुठलं, आणि विंडोज दिलीच नसेल तर "विना ऑपरेटिंग सिस्टीम" असं स्वच्छ लिहा. प्रामाणिकपणे धंदा करणारे दुकानदार आहेत, आमच्याच गावात आहेत, लायसन्सचे पैसे लावतात म्हणून त्यांचं कोटेशन काही हजारांनी महाग दिसतं आणि गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. बिलावर ही लाईन आली तर निदान दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून बघता येतील.

आपला,
एक वाचक, सातारा