तुझ्या इन्स्पेक्टरचं भूत

बेलापूर, रविवार

प्रिय मंदार,

तुझ्या कादंबरीची चारही प्रकरणं वाचली. पाऊस, सिगारेट, रात्रभर छताकडे बघत पडलेला इन्स्पेक्टर, सगळं आहे. पण त्याला जुन्या केसमधली मेलेली मुलगी दिसते, हे कुठल्याही शहरात खपलं असतं. न्हावा शेवा बंदरावरचा माणूस झपाटेल तो कागदावरच्या एका ओळीने. ती ओळ तुला फुकट देतो.

कंटेनरच्या दाराला बोल्ट सील असतं, म्हणजे कापल्याशिवाय न निघणारा खिळा, त्यावर नंबर. मुरलेला चोर सीलला हातच लावत नाही. हँडल ज्या रिव्हेटवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यावर, धरलेलं असतं तो काढतो, माल उतरवतो, तिथे साधा बोल्ट बसवतो आणि वरून रंग फासतो. सील शाबूत, नंबर बरोबर, आत वाळूच्या गोण्या. फसतो तो रंगामुळे: अख्खं दार खाऱ्या हवेने गंजलेलं आणि तेवढाच ठिपका ताजा.

तर तुझ्या हिरोने २०१३ साली पंचनाम्यात लिहिलं, ‘सील सुस्थितीत आढळून आले’, आणि सही ठोकली. वाक्य खरं होतं. रिव्हेट त्याने बघितलाच नाही, आणि निर्दोष ड्रायव्हर तुरुंगात गेला. मुलगीबिलगी काढून टाक. भरलेला निर्यातीचा कंटेनर तोलल्याशिवाय जहाजावर चढवायचा नाही, हा नियम १ जुलै २०१६ पासूनचा. म्हणजे तेव्हा वजनाची पावतीही आड आली नाही. आजच्या चोराला मात्र गोण्या मोजूनमापून भराव्या लागतात. बंदराजवळच्या करळ फाट्यावर ट्रेलर ‘पंक्चर काढायला’ दोन तास उभा राहतो, चोरीचं प्रकरण तिथे रंगव.

कंटेनर नंबर मनाने टाकू नकोस. चार अक्षरं, सात आकडे, आणि शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने निघतो. हिरोला खोटा रंगवलेला नंबर यावरूनच पकडू दे.

आता खाडीतलं प्रेत. सकाळी टाकलंस आणि दुपारी तरंगवलंस! प्रेत आधी बुडतं, आत वायू धरला की वर येतं. आपल्या कोमट पाण्यातही दिवस-दोन दिवस धर. शिवाय अष्टमीच्या मध्यरात्री भरती? तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मध्यरात्री तिथे गुडघाभर चिखल असेल, आणि तुझा खुनी त्यात रुतलेला. करंजा बंदरातला कोळी तिथेच पुस्तक मिटेल. अमावास्येला बाराच्या सुमाराला उधाण असतं, तिथी बदल की काम झालं. बुडून मेला की मारून टाकला, यासाठी हाडाच्या मगजातले डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, तपासतात. पण एखाद-दुसरा सापडला म्हणून सिद्ध काही होत नाही, वकील तिथेच बोट ठेवेल.

किरकोळ, पण सुधारच. उरण जिल्ह्याने रायगडात, पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे, तेव्हा रायगडच्या एसपींना त्रास देऊ नकोस. १ जुलै २०२४ पासूनचा खून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये बसतो. हिरोच्या तोंडून सवयीने ‘तीनशे दोन’ निघालं तर राहू दे, छान वाटेल. झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण आता बंधनकारक आहे, त्यामुळे एकट्याने ड्रॉवर उपसण्याचा प्रसंग एकतर गाळ, नाहीतर पुढे कोर्टात त्याच्याच अंगाशी येऊ दे. आणि अटल सेतूवर बुलेट? दुचाकीला तिथे बंदीच आहे रे. त्याला उरणच्या मोरा बंदराच्या लाँचने पाठव. ओहोटीला गाळामुळे ती अडते, खुन्याला तेवढी उसंत पुरे.

पाचवं प्रकरण धाडताना आधी तिथी कळव, भरतीचा हिशेब मी मांडून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर