सूचना : 7 ऑगस्टला सरांची भेट

सभासदहो, नमस्कार. 2021 मध्ये 7 ऑगस्टलाच नीरज चोप्राने टोकियोत 87.58 मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवलं. तेव्हापासून हा दिवस राष्ट्रीय भालाफेक दिन. यंदा संध्याकाळी साडेपाच वाजता मंडळाच्या मैदानावर आपले सर बोलणार आहेत.

कॉलेजात ते भाला फेकायचे. खांदा दुखावला, तेव्हा ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकले आणि पुढे धावपटूंचे प्रशिक्षक झाले. स्वतःबद्दल ते कधी बोलत नाहीत, म्हणून ही संधी सोडू नका.

फेकीचा जोर दंडापेक्षा पाय आणि कमरेतून येतो, हे ते प्रत्यक्ष दाखवतील. भाले 800 आणि 600 ग्रॅमचे, टोकदार असतील. मुलांना दोरीच्या मागेच बसवा. मुलींना आवर्जून आणा. नावं बुधवारपर्यंत सचिवांकडे द्यावीत.