‘शुगर’ इंग्रजांच्या राज्याआधीची

रविवार पुरवणीतील सांगलीच्या गूळ बाजारावरचा लेख आवडला. मात्र इंग्रजांनी इथे राज्य करताना आपली ‘शर्करा’ उचलून तिची ‘शुगर’ केली, हे त्यातील विधान पटले नाही. इंग्रजीत हा शब्द १३व्या शतकाच्या अखेरीस आढळतो. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० मध्ये. संस्कृत ‘शर्करा’, म्हणजे मुळात खडे किंवा रेती, फारसीत ‘शकर’ आणि अरबीत ‘सुक्कर’ झाली. अरबांबरोबर ती भूमध्य समुद्राच्या काठी गेली आणि लॅटिन, फ्रेंच अशी वळणे घेत इंग्लंडला पोहोचली. उचलेगिरी म्हणायचीच, तर ती चार-पाच हातांची!

खरी गंमत लेखाच्या विषयातच होती, ती निसटली. गुळासाठीचा इंग्रजी ‘जॅगरी’ हा शब्द पोर्तुगीजांनी मलबार किनाऱ्यावरून नेला. मल्याळम ‘चक्कर’वरून आलेल्या या शब्दाचे मूळही शर्कराच मानले जाते. म्हणजे आपल्याकडे गूळ आणि साखर ही दोन वेगळी नावे, तर इंग्रजीत मात्र दोन्ही एकाच घरची. लेखाचा पुढील भाग येणार असल्यास त्यात ही दुरुस्ती व्हावी.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली