टाकीत बाटली ओतण्याआधी गाडीमालकाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली पेट्रोल भरायला गेलं की पंपावरचा मुलगा एक छोटी बाटली पुढे करतो. ‘साहेब, ई-२० पेट्रोल आहे, हे टाका, ॲव्हरेज वाढेल.’ ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. काही ठिकाणी तर आपण काही बोलायच्या आत बाटली टाकीत रिकामी झालेली असते आणि पैसे पेट्रोलच्याच हिशोबात धरलेले असतात. साताऱ्यात माझं गॅरेज आहे. त्या बाटल्यांचं पुढे काय होतं ते आम्हाला रोज बघावं लागतं, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात कोरेगावच्या एका शिक्षकांची गाडी आली. यवतेश्वरचा घाट चढताना मिसिंग मारायची, इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. प्लग खोलले तर टोकाजवळच्या पांढऱ्या चिनी मातीवर विटकरी रंगाचा थर. काजळी काळी असते. असा विटकरी थर दिसला की इंधनात धातू असलेलं काहीतरी पडतंय हे फिटरला कळतं. सरांनी डिकीतून बाटली काढून दाखवली. ऑक्टेन बूस्टर, म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन (अवेळी पेटून इंजिन ठोकू न देण्याची क्षमता) वाढवणारं रसायन, दर टाकीला एक. मागच्या बारीक अक्षरांत ‘फेरोसीन’ लिहिलेलं होतं. फेरोसीन जळलं की लोखंडाचा ऑक्साइड मागे राहतो. तो प्लगवर बसला की वीज त्या थरातूनच निसटते आणि ठिणगी नीट पडत नाही. काही बूस्टरमध्ये असणाऱ्या एमएमटी नावाच्या रसायनातलं मँगनीजही असंच साचतं. प्लग बदलून भागतं, पण ही राख पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाते आणि त्याचा खर्च सामान्य माणसाला झेपणारा नाही.

मुळात त्या गाडीला ऑक्टेन कमी पडतच नव्हता. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो. ॲव्हरेज घटतं ते वेगळ्या कारणाने: एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमीच मिळणार. ती तूट एवढीशी बाटली कुठून भरून काढणार? जुन्या गाडीचे रबरी होज आणि ओ-रिंग इथेनॉलने खराब होत असतील तर ते बदलावेच लागतात. टाकीत पाणी गेलं असेल तर इथेनॉल ते ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, नेमके पंप ओढतो तिथेच. तेव्हा टाकी खाली करून घ्यावी, बाटल्या ओतत बसू नये.

ॲडिटिव्ह (इंधनात वरून टाकायची रसायनं) म्हणजे सगळंच थोतांड, असं मात्र मी म्हणणार नाही. इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कचरा काढायला पॉलिइथर अमाइन असलेला क्लीनर खरोखर उपयोगी पडतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या, आयडलिंगला थरथरणाऱ्या गाडीला त्याने फरक पडलेला मी पाहिला आहे. पण तो औषधासारखा मापात हवा. किती लिटरला किती, हे लेबलवर दिलेलं असतं. आधी क्लीनर टाकावा, मग पेट्रोल भरावं, म्हणजे नीट मिसळतो. नंतर ती टाकी लांबच्या रस्त्यावर संपवावी. ऑइल बदलायची वेळ जवळ आली की हे करावं, कारण यातला थोडा अंश पिस्टन रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. दोन कंपन्यांच्या बाटल्या एकत्र करू नयेत. पंपावरच्या महागड्या प्रीमियम पेट्रोलमध्ये असं रसायन आधीच असतं, तेव्हा त्यात वरून बाटली नकोच. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, व्हॉल्व्हला लागतच नाही. तिथे फार तर इंजेक्टर साफ होईल, व्हॉल्व्हवरचा कार्बन खोलूनच काढावा लागतो. आणि हे सगळं करण्याआधी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडून बघावं. काही कंपन्या ॲडिटिव्हला साफ मनाई करतात, मग वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

डिझेलवाल्यांना एक कळकळीची सूचना. डीईएफ, ज्याला बरेच जण नुसतं ‘युरिया’ म्हणतात, ते डिझेलमध्ये टाकायचं ॲडिटिव्ह नव्हे, इंजिनातून बाहेर पडणारा धूर स्वच्छ करायला वापरतात ते द्रव आहे. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी असतं. त्याची टाकी वेगळी, झाकण बहुधा निळं. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. एकदा स्टार्टर मारला की पंप आणि इंजेक्टर गेलेच समजा.

पंपचालकांना माझी हात जोडून विनंती आहे की गाडीमालकाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय टाकीत काहीही ओतू नये, बाटलीतलं रसायन कोणतं ते आधी दाखवावं आणि पावतीवर तिची किंमत वेगळी लिहावी. वैधमापन आणि पुरवठा खात्याने पंपांवर तसे फलक लावायला सांगितले तर फार बरं होईल.

आपला,
एक गॅरेज व्यावसायिक, सातारा