फ्रिजला तीन नावं, मार्क एकालाच

मा. संपादक साहेब,

माझी पोरगी जळगावात घरबसल्या ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय, त्यामुळे किचनभर चिठ्ठ्या, ओव्हनवर ‘ओर्नो’ (एच लिहायचा पण बोलायचा नाही म्हणे), मिक्सरवर ‘लिकुआदोरा’, आणि कुकरवरची ‘ओया आ प्रेसिओन’ तर पहिल्याच शिट्टीला गळून वरणात पडली. घोळ झाला फ्रिजचा. पुस्तकात ‘फ्रिगोरिफिको’ आहे पण ते स्पेनमधलं, मेक्सिकोत ‘रेफ्रिखेरादोर’ म्हणतात न अर्जेंटिनात ‘एलादेरा’, पोरीने टेस्टमध्ये ‘एलादेरा’ लिहिलं तर क्लासवाल्यांनी मार्क कापला! शाळेत आमच्या तोंडून अहिराणी शब्द निघाला की गुरुजी असेच डाफरायचे. अहो, कोणता शब्द कुठल्या देशाचा तेवढं तरी शिकवताना सांगा ना, फी तर पूर्ण घेता.

– एक पालक, जळगाव