संघमालकांच्या श्रीमंतीचा अर्धवट हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रीडासंघांची मालकी असलेल्या कुटुंबांविषयी छापून येणाऱ्या मजकुरात घराण्याच्या एकूण संपत्तीचा आकडा आणि शून्यातून उभारलेल्या साम्राज्याची कहाणी हमखास असते. संघ विकत घेताना नेमका कुणाचा पैसा लागला, याची चौकशी मात्र क्वचितच होते. मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधील फुटबॉल क्लबची मालकी असलेल्या ग्लेझर कुटुंबाचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

कहाणी म्हणून ती लोभस आहेच. लिथुआनियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या पोटी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे जन्मलेल्या माल्कम ग्लेझर यांनी १९४३ मध्ये वडील वारल्यावर, वयाच्या पंधराव्या वर्षी, घड्याळांच्या सुट्या भागांचा घरचा धंदा हाती घेतला. पुढे स्थावर मालमत्ता आणि व्यापारी संकुले यांतून पैसा जोडत त्यांनी १९९५ मध्ये टॅम्पा बे बकनियर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९.२ कोटी डॉलरना घेतला. संघ दुसऱ्या शहरात हलवला जाईल अशी धास्ती असताना पुढच्याच वर्षी तेथील हिल्सबरो काउंटीच्या मतदारांनी प्रत्येक डॉलरच्या खरेदीवर अर्धा सेंट जादा विक्रीकर, तोही तीस वर्षांसाठी, मंजूर केला. त्यातून शाळा आणि पोलीस यांनाही वाटा मिळाला हे खरे, पण संघाचे नवे स्टेडियमही त्यातूनच उभे राहिले. कष्टाळू मुलाच्या कहाणीत हा करदाता सहसा दिसत नाही.

२००५ मधला व्यवहार तर याहून बोलका आहे. सुमारे ७९ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेताना निम्म्याहून अधिक रक्कम कर्जाऊ उभी केली गेली आणि तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबवरच त्यातील मोठा बोजा आला. म्हणजे खरेदीदाराच्या कर्जाचे व्याज तिकिटे, प्रक्षेपणहक्क आणि जाहिराती यांच्या उत्पन्नातून, खरेदी झालेल्या संस्थेनेच भरायचे! व्यवहार कायदेशीर होता, याबद्दल वाद नाही. नाराज समर्थकांपैकी काहींनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. २०१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या मैदानावरील प्रेक्षकांत निषेध म्हणून लाल रंगाऐवजी हिरव्या-सोनेरी मफलरी दिसू लागल्या. ज्यातून पुढे मँचेस्टर युनायटेड घडला, त्या न्यूटन हीथ या मूळच्या रेल्वे कामगारांच्या क्लबचे ते रंग.

याच मालकांच्या काळात संघाने पाच वेळा प्रीमियर लीग आणि २००८ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, हे नाकारता येणार नाही. मात्र त्या यशाचे बरेचसे श्रेय संघाचे व्यवस्थापक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे होते. २०१३ मध्ये ते निवृत्त झाल्यावर लीगचे विजेतेपद पुन्हा आलेले नाही.

माल्कम २०१४ मध्ये निवर्तले, पण सत्ता त्यांच्या सहा मुलांकडेच राहिली. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात समभाग विक्रीला आले तेव्हा जनतेला मिळालेल्या समभागाला एक मत आणि कुटुंबाकडील समभागाला दहा मते, अशी रचना होती. त्या विक्रीतून आलेला सुमारे निम्मा पैसाही क्लबकडे न जाता कुटुंबाकडे गेला. त्यानंतर २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी एका समभागाला ३३ डॉलर, म्हणजे २०१२ च्या १४ डॉलरच्या दुपटीहून जास्त, मोजून सुमारे २७.७ टक्के हिस्सा घेतला. मतांचे बहुमत तरीही कुटुंबाकडेच राहिले.

हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही, कारण याच कुटुंबातील अव्राम ग्लेझर यांच्या लान्सर कॅपिटलने २०२१ मध्ये आयपीएलच्या नव्या संघासाठी बोली लावली होती. ती यशस्वी झाली नाही, हा भाग वेगळा. आपल्या क्रीडापानावर यापुढे एखाद्या संघमालक घराण्याचा परिचय देताना संपत्तीच्या आकड्याशेजारी खरेदीतील कर्जाचा वाटा, ते फेडणार कोण, आणि मताधिकार कुणाकडे, एवढा तपशील अवश्य द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक क्रीडाप्रेमी वाचक